शेवटच्या दगडाला कुणाचा ब्रश लागला

हे मी आजवर एकाही जिवाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही — ते तर गेलेच, न कळता गेले. मुलीला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा मन तिकडे वळायला लागलं की मी पटकन जप मोठ्यानं करायला लागते. आता बोला! देवाला काय ऐकू येत नसेल? पण स्वतःच्या तोंडानं म्हणणं वेगळं असतं. म्हणून आज तुम्हीच समोर बसला आहात असं धरून चालते. मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

आणि गंमत म्हणजे माझी ख्याती अगदी उलटी. मी सांगलीची, तोंडानं फटकळ. शोभाच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माहेरी म्हणायचे, सासरी म्हणायचे, आणि पुढे अमेरिकेतल्या आमच्या त्या एवढ्याशा गावातही माझं हेच नाव झालं. कुणाची ॲपल पाय कच्ची राहिली तर कच्ची म्हणणार, कुणाचा नवरा चिक्कू तर चिक्कू म्हणणार. लोक हसायचे. शोबा खरं बोलते, म्हणायचे. ऐकताय ना? शोबा खरं बोलते.

तर — विस्कॉन्सिन. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे पेपर मिलमध्ये इंजिनिअर. गावात एक मिल, दोन चर्च, तीन बार, आणि पत्र्याची एक लांबच लांब शेड. मराठी माणूस बघायचा तर मिलवॉकीपर्यंत अडीच तास ड्राइव्ह करायचं, तेही रस्ते मोकळे असतील तर. पहिल्याच हिवाळ्यात माझी गाडी बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली. मी आत बसून रडतेय — भीतीनं नाही, रागानं — आणि मागून स्कूलबस येऊन थांबली. चालवणारी बाई उतरली, माझ्याच वयाची, लाल नाकाची, खांद्यानं दणकट. तिनं बसमधल्या पोरांना गप्प बसायला सांगितलं, माझी गाडी साखळीनं ओढून काढली आणि म्हणाली, ‘‘बर्फावर उभं राहायला शिकायला पाहिजे तुला. बुधवारी दुपारी ये.’’

ती कॅरल. बुधवारी गेले तर ती पत्र्याची शेड म्हणजे कर्लिंग क्लब.

खेळ सांगते थोडक्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लांबलचक बर्फाची पट्टी. एका टोकाकडून ग्रॅनाइटचा गुळगुळीत दगड सरकवायचा — मोठ्या कुकरएवढा, वर हँडल असलेला, मणभर नाही पण उचलताना तसाच वाटणारा. पलीकडच्या टोकाला बर्फावर वर्तुळं रंगवलेली असतात, त्यांच्या मध्याच्या जास्तीत जास्त जवळ ज्यांचा दगड, ते जिंकले. टीममध्ये चौघी. एक दगड सोडणार, एक पलीकडे उभी राहून दिशा दाखवणार, आणि उरलेल्या दोघींनी सरकत्या दगडापुढे ब्रशनं बर्फ घासत पळायचं, म्हणजे दगड लांब जातो. मी आईला पत्रात लिहिलं की मी इथे बर्फ झाडते. तिचं उत्तर आलं, झाडायचंच होतं तर अंगण काय कमी होतं? हेसुद्धा हसले — ‘‘तुला धड उभं राहता येईना, आणि म्हणे मॅच खेळणार!’’ पण मी शिकले. कॅरलनं शिकवलं. दोन हिवाळे माझ्या कोपराला धरून तिनं मला त्या बर्फावर पळवलं, आणि बदल्यात माझ्या डब्यातला चिवडा संपवला.

आता त्या खेळाचा एक रिवाज. सगळं त्याच्यावरच आहे.

दगड सरकत असताना त्याला ब्रश लागला, बूट लागला, नुसता निसटता जरी लागला, तरी तो दगड जळाला म्हणतात. बाद. पण लागला हे सांगायचं कुणी? ज्याचा लागला त्यानं. अंपायर बघत नाही, समोरच्यांनी ओरडायचं नाही. आपण होऊन, लगेच, हात वर करायचा. आणि कुणी विचारलंच तर तुम्ही जे म्हणाल ते खरं. मला पहिल्यांदा हसूच आलं. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपण होऊन आउट झालेला माणूस बघितलाय कधी? बॅट घेऊन घरी जातील, पण आउट म्हणणार नाहीत. मी तसं म्हटल्यावर कॅरल हसली नाही. म्हणाली, हे नसेल तर मग हे नुसतं दगड ढकलणं आहे.

क्लबच्या भिंतीवर फोटोंची रांग होती. देशभरातल्या बायकांच्या क्लबांची एक जुनी स्पर्धा दर फेब्रुवारीत भरायची, दर वर्षी वेगळ्या गावी. आमच्या क्लबची टीम न चुकता जायची आणि न चुकता दुसऱ्या दिवशी हरून यायची. आम्ही ॲपल पाय खायला जातो, असं बायका म्हणायच्या. पण पहिल्या फोटोतल्या चौघींमध्ये कॅरलची आई होती — चौकटीचा स्कर्ट, हातात केरसुणीसारखा जुना झाडू. कॅरल आत येताना त्या फोटोच्या काचेला दोन बोटं लावायची. कुणी बघत नाही असं वाटलं की लावायची. एकदा मी बघितलं तर लाजली. तिच्या आईची एकच इच्छा राहिली होती, ती कप घरी आणण्याची. आता ती कॅरलची होती.

मी टीममध्ये आले त्या वर्षी — काय सांगू! आम्ही हरेचनात. हेलन आमची कॅप्टन, साठी ओलांडलेली, कंबर गेलेली, हे शेवटचं वर्ष म्हणून आलेली. रूथ शाळेत गणित शिकवायची, नजर अशी की दगड सुटायच्या आधी कुठे थांबणार ते सांगेल. ब्रश मारायला कॅरल आणि मी. शिकागोजवळच्या एका क्लबात स्पर्धा होती. पुढे बॅगपाइपवाला, मागे आम्ही सगळ्या चौकटीचे स्कर्ट घालून — मी आत दोन जाड पायजमे चढवलेले. मीनल तेव्हा आठ वर्षांची, फोटो बघून म्हणाली, ‘‘आई, यू लुक सो फनी!’’ सासूबाईंना तो फोटो मी पाठवलाच नाही. एक मॅच जिंकलो, दोन, चार. गावाहून फोन यायला लागले. सुपरमार्केटच्या पाटीवर मटणाच्या भावाखाली आमची चौघींची नावं लागली, आणि माझं नाव बरोबर लिहिलंय का हे विचारायला मॅनेजरनं ह्यांना फोन केला. इतकं मोठं वाटलं मला! त्या गावात मी सहा वर्षं राहत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांची झाले असं वाटलं.

बघा, मी अजून फिरतेच आहे गोल गोल.

फायनल. शेवटचा दगड आमचा. समोरच्यांचा एक दगड मध्याला जवळजवळ चिकटून, पण आत थोडी जागा होती. तिथे आमचा शिरला की कप आमचा. हेलननं दगड सोडला आणि सोडताच कळलं की जोर थोडा कमी पडलाय. रूथ पलीकडून ओरडतेय, स्वीप, स्वीप, हार्ड! आम्ही दोघी वाकून ब्रश घासत पळतोय. दगडाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कॅरल. श्वास नाही, खांदे भरून आलेले. आणि वर्तुळात शिरता शिरता माझा बूट जरासा घसरला आणि माझा ब्रश दगडाच्या कडेला लागला.

माझा. माझा लागला.

टिक — एवढंच. चमचा बशीला लागावा तेवढाच आवाज. पण दांड्यातून तो माझ्या हातात आला, मनगटात आला. शंका नाही. तेव्हाही नव्हती. हात वर करायचा होता. मी ब्रश मारत राहिले.

दगड जाऊन बसला. काय बसला! मध्यावर. आमच्या बाजूची माणसं ओरडायला लागली, हेलन त्या टोकाला गुडघ्यावरच बसली, कॅरलनं मला मिठी मारली. दोन-तीन सेकंद. मग समोरच्या टीममधली, वर्तुळामागे उभी असलेली बाई पुढे आली. रागानं नाही हो, अगदी अदबीनं. म्हणाली, मला वाटतं काहीतरी लागल्याचा आवाज आला. तुम्ही सांगाल ते आम्हाला मान्य आहे.

हेलन लंगडत आली. आमच्या दोघींकडे बघून तिनं एवढंच विचारलं, ‘‘गर्ल्स?’’

मी म्हटलं, ‘‘आय डिडन्ट फील एनीथिंग.’’

आणि मग मी मान वळवून कॅरलकडे बघितलं.

खोटं एक वेळ ठेवा बाजूला. घाबरून माणूस बोलून जातो. पण ते बघणं? ते कुणी शिकवलं मला? भुवया जरा वर करून, काळजीनं, जणू — माझा नाही बाई, तुझा तर नाही ना? ते मी केलं. तोंडानं एक शब्द न बोलता तिच्या गळ्यात बांधलं. आणि मला माहीत होतं ती कशी आहे. दुकानात जास्तीचं केळं पिशवीत आलं तर परत जाऊन देणारी बाई. तिच्या मनात शंका टाकली की ती स्वतःलाच धरणार, हे त्या गावात मला जितकं माहीत होतं तितकं कुणालाच नव्हतं.

कॅरलनं तिच्या ब्रशकडे बघितलं. उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाली, मग माझाच लागला असणार. आणि वाकून तिनं स्वतः तो दगड बाजूला सरकवला.

आम्ही एका पॉइंटनं हरलो.

मॅचनंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना ड्रिंक द्यायचं, आठही जणींनी एका टेबलावर बसायचं, अशी पद्धत. मी बिनदारूचं जिंजर एल घेऊन बसले. त्यांच्या कॅप्टननं कॅरलचा हात हातात घेतला. तीस वर्षं खेळतेय, म्हणाली, असं माणूस बघितलं नाही. स्वतःच्या स्वेटरवरची क्लबची पिन काढून तिनं कॅरलला लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. हेलन हसत होती आणि तिचे डोळे लाल झाले होते, आणि कॅरल त्या पिनकडे बघतसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हेलनच्या गाडीतून परत निघालो. मागच्या सीटवर कॅरल माझ्या शेजारी. किती तरी मैल ती उजवा हात उघडून बघत होती, मिटत होती, उघडत होती. मग हळूच म्हणाली, गंमत आहे, मला तेव्हा काही जाणवलंच नाही. पण तू तर शेजारीच होतीस, तुला कळलं असतं तुझा असता तर. — आणि मी काय केलं असेल? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘‘इट हॅपन्स, कॅरल,’’ म्हटलं. समजूत घातली मी तिची! माझी जीभ झडली कशी नाही?

गावानं तिला काही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. सगळे चांगलंच वागले. प्रामाणिक आहे हो, म्हणायचे, आणि पुढे अर्धं वाक्य गिळायचे. ते गिळलेलं वाक्य तिला ऐकू यायचं. पुढच्या हिवाळ्यात ती बर्फावर उतरली तेव्हा दगडापासून हातभर लांब ब्रश मारायला लागली. हातभर लांब ब्रश मारून काय होणार? काही नाही. रूथ ओरडायची, जवळ ये, जवळ ये! ती यायची, आणि तिचा ब्रश थरथरायचा. डोळ्यांनी बघितलंय मी, कारण शेजारी मीच असायचे. मग तिला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. मग तिची पाठ दुखायला लागली. मग ती बुधवारी यायची बंद झाली. जिनं मला त्या बर्फावर उभं केलं, ती बर्फावरून उतरली, आणि मी तिच्या जागेवर खेळत राहिले.

इथेच संपलं असतं तरी पुरे होतं. नाही संपलं.

तीन-चार वर्षांनी क्लबनं ठरवलं की त्या राष्ट्रीय स्पर्धेतला आपला सगळा इतिहास एका पुस्तिकेत छापायचा. कोण लिहिणार? शोबा. मी क्लबची सेक्रेटरी, सभांची मिनिट्स मीच लिहायचे, टायपिंग चांगलं, आणि खरं बोलते ना! जुन्या वह्या काढल्या, म्हाताऱ्या मेंबरांना फोन केले. आणि एका दुपारी कॅरल बुटांच्या खोक्यात तिच्या आईचे फोटो घेऊन माझ्या घरी आली.

स्वयंपाकघरात बसली. मी आल्याचा चहा टाकला. फोटो दाखवता दाखवता ती थांबली आणि म्हणाली, ‘‘शोबा, ते लिही हं. माझ्यासाठी गाळू नकोस.’’ मी पाठमोरीच होते. म्हणाली, आधी मला वाटायचं की आठवत नाही. पण आता आठवतं. हाताला जाणवलं होतं.

कळतंय का तुम्हाला काय झालं ते? तिच्या हाताला काही जाणवलं नव्हतं. जाणवलं होतं मला. ती टिक माझ्या मनगटातली होती, आणि तीन वर्षांत ती मी तिच्या मनगटात घातली. तिला आता खरंच आठवत होतं. न घडलेलं आठवत होतं. मी गॅस बंद केला. घरात दोघीच. हे मिलमध्ये, मुलगी शाळेत — गप्प बसायला मला कुठलंच निमित्त नव्हतं. तोंड उघडलं मी. उघडलं, देवाशपथ. आणि विचारलं, ‘‘साखर किती?’’

नऊ वर्षं ती माझ्याकडे चहा पीत होती. दोन चमचे. मला माहीत नव्हतं?

मग मी लिहिलं. एक अख्खी सकाळ त्या एका वाक्यावर घालवली. पाच कागद फाडले. फायनलच्या शेवटच्या दगडाला आमच्या कॅरलचा ब्रश लागला आणि तिनं, कुणी सक्ती केलेली नसताना, तो दगड स्वतःच्या हातानं बाद केला — असं काहीसं, इंग्रजीत. आणि सांगू? लाज वाटते सांगायला. वाक्य जमल्यावर मला बरं वाटलं. चांगलं वाक्य झालं म्हणून. फायनलमध्ये निदान घसरले होते, धाप लागली होती. इथे मी खुर्चीत बसले होते, चष्मा लावून.

पुस्तिका छापून आली. कौतुक झालं. एक प्रत गावच्या लायब्ररीत आहे, अजून असेल.

तुम्ही म्हणाल — परका देश, एकटी ब्राउन बाई, पाटीवर पहिल्यांदा लागलेलं नाव, त्यांच्या नजरेतून उतरण्याची धास्ती. हो, होतं ते डोक्यात. म्हणून मी ते सांगितलंही. पण नको, त्याचं पांघरूण नको मला. परकी होते म्हणून तर कॅरलनं मला खड्ड्यातून ओढून काढलं होतं. आणि तिनं ते कधी बोलूनही दाखवलं नाही. बरं, दगड तर दोन्हीकडून जळालाच होता. मी खरं बोलले असते तरी हरलोच असतो. म्हणजे तिला विकून मी मिळवलं काय? फक्त एवढंच, की चूक माझी नव्हती.

आता मी फ्रिस्कोला मीनलकडे असते. टेक्सासात बर्फ कसला, घामच घाम. बाजूला सगळी आपलीच माणसं, संध्याकाळी बाकावर काकूंची फौज. पण अजून कुणी चहात चमचा ढवळला आणि तो कपाला लागला की माझं मनगट आखडतं. डॉक्टर आर्थ्रायटिस म्हणतात. मी हो म्हणते.

कॅरलचं दर ख्रिसमसला कार्ड येतं. न चुकता. हवा कशी आहे, गुडघे कसे आहेत, रूथ गेली, हेलन तर कधीच गेली. गेल्या वर्षीच्या कार्डात होतं की तिची नात कर्लिंग शिकायला लागली. पहिल्या दिवशी तिला मी माझी गोष्ट सांगितली, असं लिहिलं होतं. तिला म्हटलं, आपला ब्रश लागला तर हात वर करायचा; मी केला होता, आणि मला कधी पस्तावा झाला नाही.

ते कार्ड मी चार दिवस उशीखाली ठेवलं, मग कपाटात टाकलं.

कॅरल आहे अजून. तब्येत बरी आहे, कान चांगले आहेत, घरही तेच. फोन नंबर बदललेला नाही, मला तो पाठ आहे. दुपारी दोननंतर ती घरीच असते. आणि मी हे सगळं बसून मराठीत लिहिलंय, जिच्यातलं एक अक्षर तिला वाचता येत नाही. लिहायला घेतलं तेव्हाच ते मला माहीत होतं.